ग्रीक योगर्ट आणि पाण्याचा हिशोब

ग्रीक योगर्टचा डबा उघडल्यावर वर पिवळसर-हिरवट पाण्याचा पातळ थर दिसला, तर ते बिघडलेलं नसतं. ती दह्याची निवळ असते. डबा काही दिवस ठेवला की दही हळूहळू आवळतं आणि धरून ठेवलेलं थोडं पाणी सोडतं. ते पाणी परत ढवळायचं की ओतून घ्यायचं, हे त्या योगर्टचं पुढे काय करणार यावर ठरवावं. नुसतं खायचं असेल तर ढवळावं; काकडीत, पिठात किंवा मुरवणीच्या मसाल्यात घालायचं असेल तर ओतून बाजूला ठेवावं. मला विचाराल तर ग्रीक योगर्ट वापरण्याचं सगळं मर्म याच निर्णयात आहे. हे पाणी काढलेलं दही आहे. ते आवडतं ते पाणी कमी असल्यामुळे, आणि फसतं तेव्हा बहुतेक वेळा कुठून तरी पाणी आत शिरलेलं असतं किंवा आतलं पाणी सुटलेलं असतं.

आकडे पाहिले की हे नीट कळतं. साय न काढलेल्या दुधाच्या साध्या दह्यात १०० ग्रॅममागे सुमारे ८८ ग्रॅम पाणी असतं, तशाच दुधाच्या ग्रीक योगर्टमध्ये सुमारे ८१ ग्रॅम. फरक सात ग्रॅमचाच वाटतो. पण उरलेला घन भाग १२ ग्रॅमवरून १९ ग्रॅमवर जातो, म्हणजे दीडपटीहून जास्त होतो. प्रथिनं साध्या दह्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास असतात, ती नऊ-दहा ग्रॅमवर जातात. साखर मात्र कमी होते, कारण दुधातली साखर पाण्यात विरघळलेली असते आणि पाण्याबरोबरच निघून जाते. ज्यांना दुधाने पोट फुगतं अशा अनेकांना हे योगर्ट सोसतं, त्याचं एक कारण हे.

निवळीबरोबर कॅल्शियमही जातं, हे फारसं बोललं जात नाही. दुधातलं पुष्कळसं कॅल्शियम प्रथिनांना चिकटलेलं असतं. दही लागताना आम्ल वाढतं तसं ते सुटून पाण्यात उतरतं, आणि गाळताना त्या पाण्यासोबत बाहेर पडतं. म्हणून तितक्याच प्रथिनांमागे साध्या दह्यात जितकं कॅल्शियम मिळतं तितकं ग्रीक योगर्टमध्ये मिळत नाही. प्रथिनांसाठी ग्रीक योगर्ट खावं, कॅल्शियमसाठी साधं दही किंवा दूध सोडू नये.

विकत घेताना डब्यावरची घटकांची यादी वाचावी. दूध आणि विरजण, एवढंच असावं. फार तर साय. मक्याचं स्टार्च, जिलेटिन, पेक्टिन, दूध पावडर दिसली तर ते गाळून नव्हे, घट्ट करणारं काही घालून दाट केलेलं आहे असं समजावं. ते खायला वाईट नसतं, पण स्वयंपाकात वेगळं वागतं. स्टार्चवालं योगर्ट गरम केल्यावर कमी फाटतं, मात्र त्याला गाळलेल्या योगर्टची जिभेवर रेंगाळणारी साईसारखी चव येत नाही. ‘ग्रीक’ आणि ‘ग्रीक स्टाइल’ हा फरकही पाहावा. ब्रिटनमध्ये हा वाद थेट न्यायालयात गेला होता. ग्रीसच्या ‘फाये’ कंपनीने अमेरिकेत तयार झालेलं योगर्ट ‘ग्रीक’ म्हणून विकणाऱ्या ‘चोबानी’विरुद्ध दावा लावला, आणि २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने व २०१४ मध्ये अपील न्यायालयाने ‘फाये’च्या बाजूने निकाल दिला. तिथे ग्रीसबाहेर बनलेल्या मालावर ‘ग्रीक स्टाइल’ असंच लिहिलं जातं. फळांच्या चवीच्या डब्यात साखर किती घातली आहे हे ताडायलाही एक सोपा हिशोब आहे: साध्या ग्रीक योगर्टमध्ये दुधाची स्वतःची साखर १०० ग्रॅमला तीन ते पाच ग्रॅम असते. आकडा त्याच्या वर गेला की वरचा बहुतेक भाग घातलेल्या साखरेचा, थोडा फळाचा.

घरी करणं अवघड नाही, फक्त घाई चालत नाही. एक लिटर साय न काढलेलं दूध ८५ अंश सेल्सियसला न्यावं आणि वीसेक मिनिटं त्याच्या आसपास ठेवावं. नुसतं उकळी येऊन गॅस बंद करण्यापेक्षा हा वेळ महत्त्वाचा आहे. निवळीत जाणारी प्रथिनं या तापमानाला उलगडतात आणि केसीनला, म्हणजे दही बांधणाऱ्या प्रथिनाला, चिकटतात. त्यामुळे दही जास्त पाणी धरतं, गुळगुळीत लागतं आणि गाळताना प्रथिनंही कमी वाया जातात. मग दूध ४३ ते ४५ अंशांपर्यंत निवू द्यावं. बोट दहा सेकंद सुखाने ठेवता यावं, पण गरम जाणवावं, इतपत. त्यात दोन छोटे चमचे ताजं, आंबट न झालेलं दही थोड्या दुधात फेटून घालावं. विरजण जास्त घातलं म्हणून दही चांगलं लागत नाही. उलट आम्ल भराभर वाढतं, दही दाणेदार होतं आणि पाणी लवकर सोडतं. उबेत पाच ते आठ तासांत दही लागतं. लागल्याबरोबर ते न हलवता फ्रिजमध्ये टाकावं आणि पुरतं गार झाल्यावरच गाळायला घ्यावं. कोमट दही गाळलं की कापडातून पांढरं पाणी पडतं. ती निवळ नसते, दहीच वाहून जात असतं.

गाळण्यासाठी खोलगट भांड्यावर चाळणी, चाळणीत दुपदरी मलमलचं ओलं, पिळलेलं कापड, आणि त्यात दही. हे सगळं झाकून फ्रिजमध्येच ठेवावं. बाहेर टांगून ठेवलं तर दही गळत गळत आंबतही राहतं, आणि सकाळी हातात येतं ते तोंड वेडंवाकडं करणारं. चार ते सहा तासांत एक किलो दह्याचं साधारण अर्धा किलो ग्रीक योगर्ट होतं. रात्रभर ठेवलं तर आणखी घट्ट, आणि चोवीस तासांनी जवळजवळ चक्का; किंचित मीठ घालून गाळलेल्या या अवस्थेला भूमध्य सागराच्या पूर्व किनाऱ्यावर लबनेह म्हणतात आणि पावावर चीजसारखं फासून वर ऑलिव्ह तेल ओततात. कापड पिळून वेळ वाचवायचा मोह टाळावा. पिळल्याने दही कापडाच्या विणीत अडकतं आणि चव खरबरीत होते. जास्तच घट्ट झालं तर काळजी नको. गळलेलं पाणी एकेक चमचा परत घालून हलक्या हाताने फेटलं की हवं तितकं सैल करता येतं.

आता खाण्याकडे वळू. मीठ आणि साखर या दोन्ही गोष्टी पाणी ओढतात, आणि ग्रीक योगर्टशी गाठ पडली की पहिला खेळ हाच सुरू होतो. ग्रीसमधल्या झाझिकीचं उदाहरण घ्या. काकडी, लसूण, योगर्ट, तेल. कृती वाचायला दोन ओळींची. तरी ती पानात आली की बशीत पाण्याचं तळं झालेलं दिसतं, कारण काकडी जवळजवळ पंच्याण्णव टक्के पाणीच असते. म्हणून मध्यम आकाराची एक काकडी, सुमारे दोनशे ग्रॅम, बिया जाड असतील तर काढून टाकून जाड किसावी. किसाला अर्धा छोटा चमचा मीठ चोळावं आणि वीस मिनिटं चाळणीत ठेवावं. मग मुठीत घेऊन पिळावं. पहिल्यांदा पाणी सहज वाहतं आणि झालं असं वाटतं; तिथे थांबू नये. कीस कापडात बांधून पुन्हा पिळला की आणखी दोन-तीन चमचे निघतं. हाताला कीस ओलसर लागावा, पण दाबल्यावर थेंब पडू नये. मग त्यात २५० ग्रॅम योगर्ट, लसणाची एक लहान पाकळी ठेचून, एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल, एक छोटा चमचा व्हिनेगर आणि शेपू किंवा पुदिना बारीक चिरून. लसूण मोजूनच घालावा, कारण कच्च्या लसणाची तिखटाई तासातासाला वाढत जाते. ताजं चाखून ‘कमी आहे’ म्हणून घातलेली दुसरी पाकळी संध्याकाळी सगळ्यावर मात करते. तासभर फ्रिजमध्ये मुरू द्यावं, मगच मीठ पाहावं, कारण काकडीत थोडं उरलेलं असतं.

टोमॅटो, कांदा, मुळा, किसलेलं बीट, कशालाही हीच रीत लावता येते. आधी मीठ, मग पिळणं, मग योगर्ट. भाजलेलं वांगं असेल तर गर सोलून चाळणीत निथळवावा, नाहीतर करपल्या वासाचं कडवट पाणी योगर्टमध्ये उतरतं.

गोडाच्या बाजूला साखरेचं असंच आहे. मध किंवा साखर घालून ढवळून ठेवलेलं योगर्ट अर्ध्या तासात सैल पडतं. म्हणून मध वरून, खाताना. ढवळू नये, चमच्यागणिक थोडा मध आणि थोडं आंबट यावं. मधाची गोडी तशी जास्त कळते आणि मध कमी लागतो. बेरी, डाळिंब, पीच, भाजलेलं सफरचंद ही फळं बिनधास्त घालावीत. कच्चा अननस, किवी आणि पपई यांच्याशी मात्र सावध राहावं. यांच्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. योगर्टमध्ये कापून ठेवली की तासा-दोन तासांत ती दह्याची जाळी कापत सुटतात. योगर्ट पातळ होतं आणि कडू लागतं. हा कडूपणा फळ शिळं असल्याचा नसतो, तुटलेल्या प्रथिनांचा असतो. ही फळं घालायची तर ताटात घेतल्यावर घालावीत, किंवा अननसाचे तुकडे पाच मिनिटं शिजवून गार करावेत. उष्णतेने ते एन्झाइम निकामी होतं.

सकाळी तयार हवं असेल तर रात्रीच ओट भिजवावेत: ४० ग्रॅम ओट, १०० ग्रॅम ग्रीक योगर्ट, १२० मिली दूध, चिमूटभर मीठ, एक चमचा जवस किंवा चिया. इथे सुटणारं पाणी आपल्या कामाचं असतं, कारण ओट ते पिऊन घेतात. फळं मात्र सकाळीच. कुरकुरीत काही, म्हणजे ग्रॅनोला किंवा भाजलेला सुकामेवा, शेवटच्या क्षणी. डब्यातून न्यायचं असेल तर वेगळ्या पुडीत.

मिक्सरमध्ये फिरवल्यावर योगर्ट पातळ का होतं, हा प्रश्न अनेकांना पडतो. दह्याची बांधणी जोरात घुसळल्यावर मोडते आणि पूर्ववत होत नाही. स्मूदीत तेच हवं असतं, पण पावावर फासायच्या किंवा केकवर लावायच्या योगर्टमध्ये चमच्याने घडी घालावी तसं मिसळावं. ब्लेंडर, विजेचा फेटणा, काहीही नको. केकवर घट्ट हवं असेल तर २०० मिली फेटलेल्या क्रीममध्ये तेवढंच योगर्ट दोन-तीन भागांत अलगद मिसळावं. नुसतं योगर्ट फेटून फुगत नाही.

सगळ्यात जास्त भीती लोकांना गरम पदार्थांची वाटते, आणि ती अगदी निराधार नाही. दह्याची जाळी आम्लाने आधीच आवळलेली असते. ८० अंशांच्या पुढे ती आणखी आवळते, पाणी पिळून बाहेर टाकते आणि रश्श्यात पांढरे दाणे तरंगू लागतात. एकदा फुटलेलं योगर्ट पुन्हा जुळत नाही. मिक्सरमध्ये फिरवून सूप बरं दिसतं, पण आतली साईसारखी चव गेलेली असते. उपाय तीन आहेत आणि तिन्ही एकत्र करता येतात. पहिला, गॅस बंद करून पातेलं दोन-तीन मिनिटं शांत होऊ द्यावं. दुसरा, योगर्ट फ्रिजमधून अर्धा तास आधी काढावं आणि पातेल्यातला गरम रस्सा एकेक पळी करत त्यात मिसळावा, तीन-चार पळ्या झाल्या की सगळं मिळून पातेल्यात ओतावं. तिसरा, पदार्थ उकळायलाच हवा असेल तर २५० ग्रॅम योगर्टमध्ये दीड छोटा चमचा कॉर्नफ्लोअर आधीच गार असताना फेटून घ्यावं. स्टार्च प्रथिनांच्या मध्ये येतं आणि त्यांना गोळा होऊ देत नाही. फॅट नसलेलं योगर्ट सर्वांत आधी फुटतं, तेव्हा गरम पदार्थांत पूर्ण फॅटचंच वापरावं. चमचा एकाच दिशेने फिरवल्याने फुटत नाही अशी समजूत आहे. दिशेचा संबंध नाही, संथपणाचा आहे. पास्त्यासाठी तर सोय आयती असते: पास्ता उकळलेलं पाणी स्टार्चने भरलेलं असतं. तीन-चार मोठे चमचे ते पाणी योगर्टमध्ये फेटून गॅसवरून उतरवलेल्या पास्त्यावर घातलं तर क्रीमचा सॉस आठवणारही नाही.

शिजवून फायदा काय होतो आणि तोटा काय, हेही माहीत असावं. योगर्टमधले जिवंत जिवाणू साठ अंशांच्या पुढे टिकत नाहीत. प्रथिनं आणि चव राहते, जिवाणूंचा लाभ जातो. म्हणून दिवसातून एकदा तरी गार योगर्ट खावं असं मला वाटतं.

अंड्यांबरोबर याची जोडी विलक्षण आहे. तुर्कस्तानात चिल्बिर म्हणतात तो नाश्ता करून पाहावा: २०० ग्रॅम योगर्ट, चिमूटभर मीठ आणि अर्धी पाकळी लसूण मिसळून कोमट पाण्यात ठेवलेल्या वाडग्यात खोलीच्या तापमानाला आणावं, त्यावर कवच फोडून पाण्यात शिजवलेली दोन मऊ अंडी, आणि वर लोण्यात लाल मिरचीचे कण तडतडवून ओतावेत. योगर्ट थंडगार असलं तर लोणी त्यावर पडताक्षणी गोठतं आणि सगळी मजा जाते. या पदार्थात एवढीच एक गोष्ट सांभाळायची असते.

मांस, पनीर किंवा भाज्या मुरवायला साध्या दह्यापेक्षा हे सरस, कारण ते घसरून भांड्याच्या तळाशी जमत नाही, तुकड्याला धरून बसतं. एक किलो चिकनला २५० ग्रॅम योगर्ट आणि दोन छोटे चमचे मीठ पुरतं. त्यातलं आम्ल सौम्य असल्याने चार तासांपासून रात्रभरापर्यंत कितीही वेळ चालतो. लिंबू किंवा व्हिनेगरमध्ये तेवढा वेळ ठेवलेलं मांस वरून भुसभुशीत होतं. मासे मात्र अर्ध्या तासात काढावेत. भाजण्याआधी जाड थर बोटांनी निपटून टाकावा. दुधाची साखर आणि प्रथिनं आचेवर पटकन तांबूस होतात, ते हवंच असतं, पण थर जाड असला तर बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं.

पिठाच्या कामातही पाण्याचाच हिशोब. तव्यावरच्या भाकऱ्यांसाठी २५० ग्रॅम मैद्यात अडीच छोटे चमचे बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा मीठ चाळून घ्यावं, त्यात आधी २०० ग्रॅम योगर्ट घालून मळावं, लागेल तसं वाढवावं. पाच-सहा मिनिटांत गोळा येतो. यीस्ट नाही, फुगायची वाट पाहणं नाही. सहा भाग करून अर्धा सेंटिमीटर जाड लाटावेत आणि कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं भाजावेत. जास्त मळलं की चामट होतात. साधं दही वापरलं तर पीठ हाताला चिकटत राहतं, मग माणूस मैदा घालत जातो आणि भाकरी घट्ट होते. केकच्या कृतीत ताक असेल तर दोन भाग ग्रीक योगर्ट आणि एक भाग पाणी मिसळून तेवढ्याच मापाने घालावं. केकमध्ये योगर्टचं आम्ल खाण्याच्या सोड्याशी मिळून वायू तयार करतं. एका कपाला अर्धा चमचा सोडा बस्स, जास्त झाला तर साबणाची चव येते.

फ्रीझरमध्ये गोठवायचं असेल तर एक गोष्ट सोपी आहे: अर्धा किलो पूर्ण फॅटचं योगर्ट तीन मोठे चमचे मधात मिसळून, ट्रेवर कागद घालून अर्धा सेंटिमीटर जाड पसरावं, वर फळांचे तुकडे आणि पिस्ते दाबावेत, तीन तासांनी तुकडे मोडावेत आणि लगेच खावेत. पूर्ण डबा गोठवू नये. वितळल्यावर तो दाणेदार होतो आणि पिठात घालण्याखेरीज त्याचा उपयोग राहत नाही.

गाळलेल्या पाण्याची गोष्ट राहिली. कारखान्यांपुढे हा मोठाच प्रश्न असतो. एक किलो ग्रीक योगर्टसाठी तीन-चार किलो दूध लागतं आणि उरलेली आंबट निवळ ओढ्या-नद्यांत सोडता येत नाही, कारण ती कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते आणि मासे मरतात. ती जनावरांच्या खाद्यात, शेतात किंवा बायोगॅससाठी जाते. घरी मात्र ती सोनं आहे. पाव किंवा पोळीची कणीक मळायला पाण्याऐवजी, भात शिजवताना किंवा शिजलेल्या कडधान्यात थोडी, सूपमध्ये, फळांच्या स्मूदीत. आठवडाभर फ्रिजमध्ये टिकते. कडधान्य शिजायला ठेवताना सुरुवातीलाच घालू नये, आम्लाने दाणे मऊ होत नाहीत, शिजल्यावर घालावी.

उघडलेला डबा चार अंशांच्या आत ठेवून पाच ते सात दिवसांत संपवावा. प्रत्येक वेळी कोरडा, स्वच्छ चमचा, आणि काढून झाल्यावर वरचा भाग सपाट करावा, कारण चमच्याने पडलेल्या खड्ड्यात निवळ जमते आणि खड्डा जितका खोल तितकं पाणी जास्त सुटतं. वर बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच भाग काढून टाकणं चुकीचं आहे. योगर्ट मऊ असतं, बुरशीचे धागे खाली गेलेले असतात. सगळा डबा टाकावा. आणि तळाशी दोन-तीन चमचेच उरले असतील तर डबा धुऊ नये. त्यातच एक चमचा तेल, अर्ध्या लिंबाचा रस, मोहरीची थोडी पेस्ट, मीठ, मिरी आणि एक चमचा पाणी घालून झाकण घट्ट लावून हलवावं. कडेला चिकटलेलं सगळं सुटतं आणि दोन माणसांच्या सॅलडपुरतं ड्रेसिंग तयार होतं.